जत्रेवालीची पावलं

आमच्या धामणखोल नगरपंचायतीत एक बोळ आहे, तिथे भर दुपारीही काळोख असतो. पाणीपट्टीची खिडकी आणि जन्ममृत्यू दाखल्यांची खिडकी यांच्या मधून तो आत जातो. काळे पडदे, खाली काळी गुळगुळीत फरशी आणि एका भिंतीला लागून लाकडी बाक. कागदोपत्री त्याचं नाव ‘स्वमाहिती दर्शन कक्ष’ आहे, पण असलं नाव घेऊन आजवर कोणी आलेलं मला आठवत नाही. लोक त्याला पावलांची खोली म्हणतात. मी तिथली अधिकारी, सुनीती ढोबळे. मूळची बार्शीची, आणि इथल्या लोकांच्या मते अजूनही बार्शीचीच.

तुम्ही बाकावर बसता, दिवा मालवला जातो आणि फरशीवर उजेडाचं एक पाऊल उमटतं. मग त्याच्या पुढे दुसरं. गेल्या श्रावणातली किंवा त्याच्याही आधीच्या एखाद्या संध्याकाळची तुमचीच पावलं तुमच्याशिवाय चालू लागतात. जिथे जोर दिलात तिथे ती पिवळी दिसतात, जिथे अलगद टेकवलीत तिथे निळसर. पाणीपट्टीच्या रांगेत हमरीतुमरीवर आलेली माणसंसुद्धा त्या बाकावर बसली की गप्प होतात. एक आजी आपली जुनी पावलं बघून म्हणाल्या होत्या, किती घाईत होते गं मी, कशासाठी होते कोण जाणे. मला ते अजून आठवतं.

यामागचं शास्त्र सोपं आहे. मला समजलं म्हणजे कोणालाही समजेल. दरडी वारंवार कोसळू लागल्या तेव्हा गावातल्या सगळ्या रस्त्यांखालून केसासारखी बारीक काचेची तार पुरली. तिच्या एका टोकातून प्रकाशाचे ठोके सोडायचे. काच कितीही शुद्ध असली तरी त्यातला थोडा प्रकाश वाटेत विखरून मागे येतो. वरची जमीन कणभर हलली की तार कणभर ताणली जाते आणि मागे येणारा प्रकाश बदलतो. तो किती वेळाने परतला यावरून जमीन कुठे हलली ते कळतं. डोंगर सरकतोय का हे ऐकायला घातलेली तार अशी माणसांची पावलंही ऐकू लागली. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की ऐकतेच आहे, तर माणूस येईल तसे रस्त्याचे दिवे पेटवू दे, वीज वाचेल. दिवे पेटू लागले. आणि पुढे तारेला जोडलेल्या यंत्राला प्रत्येकाची चालही ओळखता यायला लागली: टाच आधी टेकते की चवडा, वळताना कुठला पाय रेंगाळतो, उतारावर माणूस किती कचरतो. कॅमेरा नाही, चेहरा नाही, तरी कोण चाललंय हे गावच्या जमिनीला कळू लागलं.

तेव्हा कायदा आला. स्थानिक संस्थेकडे तुमच्याबद्दल जे काही साठलं आहे ते तुम्ही मागितलंत की तिने महिन्याच्या आत तुम्हाला दाखवायचं. मात्र तुमचंच. शेजाऱ्याचं नाही, मुलाचं नाही, बायकोचं तर नाहीच. पहिल्याच वर्षी एक गृहस्थ आले होते, कडक इस्त्री, अत्तराचा भपकारा. बायको रोज माझ्याबरोबर फिरायला येते, तेव्हा तिची पावलंही माझ्याच माहितीत धरा, असं त्यांचं म्हणणं. खरं तर दुपारी ती एकटी कुठे जाते ते त्यांना हवं होतं. मी त्यांना त्यांची पावलं दाखवली आणि शेजारची जागा काळी ठेवली. ते आरडाओरडा करून गेले. पुढे बाजारात ती बाई दिसली की माझ्याकडे बघून नुसती मान हलवते. म्हणून हा नियम मला फार प्रिय आहे, आणि माझ्यावर हटवादीपणाचा शिक्का बसला तो त्यामुळेच.

महादेव घाडी आले ते मार्च लागता लागता, लेकीच्या खांद्यावर हात ठेवून. लेक ओळखीची होती. शेवंती आमचीच घंटागाडी चालवते आणि ओल्या बालदीत प्लॅस्टिक दिसलं तर नगराध्यक्षांच्या दारातसुद्धा बालदी परत करते. वडिलांना मी नावाने ओळखत होते. इकडे जत्रेत देवळासमोर रात्रभर दशावतार होतो. लिहिलेलं नाटक नसतं, नट आयत्या वेळी बोलतात, आणि बायकांची कामंही पुरुषच करतात. महादेवकाका त्यातले नावाजलेले स्त्रीपार्टी. त्यांची तारामती बघून बायका घरी जाऊन पुन्हा रडायच्या, असं आमची शेजारीण सांगते.

गेल्या दिवाळीच्या आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. वाचा परत आली, डावा पाय मात्र ओढतच राहिला. दशावतार मंडळाने त्यांच्या जागी एक जण घेतला होता, आणि काकांच्या मते तो बाई करत नव्हता, बाईची टिंगल करत होता. त्याला शिकवायला काका रोज जात. पण चाल सांगून समजत नाही आणि त्यांना आता ती करून दाखवता येत नव्हती. ती आपल्याबरोबरच संपणार, या विचाराने त्यांना झोप येईनाशी झाली होती.

“माजी जत्रेतली पावलां गावली तर मी तेका दाखयतंय,” ते म्हणाले. “बाकी माका कायएक नको.”

अंगठा घेतला, अर्ज नोंदवला आणि त्यांच्या शेवटच्या जत्रेची रात्र लावली. काळोखात त्यांची पावलं उमटली. भरदार, जरा फेंगडी, घरून निघून शाळेकडे गेली. शाळेच्या वर्गात नट रंगायला बसतात. पावलं शाळेच्या पायरीवर चढली आणि थांबली. आम्ही वाट बघितली. फरशी काळीच राहिली. ती उमटली ती एकदम दुसऱ्या दिवशी दुपारी, काका घरातून पानपट्टीवर निघाले तेव्हा.

“मगे मी देवळाक गेलंय कसो?” काका म्हणाले. “उडान?”

यंत्र असं चुकत नाही. मी त्यांना चहा पाजून दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं आणि आमचा तंत्रज्ञ प्रथमेश नाटेकर याला बोलावलं. त्याने नोंदी उघडल्या आणि त्याचा चेहरा उजळला. त्या रात्री शाळेतून एक बाई निघाली होती. ती गावातली नोंदलेली नव्हती. यंत्राने तिला नुसता क्रमांक दिला होता, पण प्रथमेशने तिचं नाव ‘जत्रेवाली’ ठेवलं होतं, कारण ती फक्त जत्रेच्या रात्री दिसायची, दरवर्षी. शाळेतून देवळात जायची, पहाटे देवळातून निघायची आणि थेट महादेव घाडींच्या घरात शिरायची. तिथून ती बाहेर पडल्याची नोंद कुठल्याच वर्षी नव्हती. काकांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली आहेत हेही त्याने मला सांगितलं, मी विचारलं नसताना.

मी त्याला गप्प केलं. पण दुसऱ्या दिवशी काकांशी काय बोलावं याची मी घरी आरशासमोर उजळणी केली, हे खोटं कशाला सांगू. दार लोटून घेतलं आणि म्हटलं, “काका, तुमच्या घरी पहाटे ज्या बाई येतात त्यांची माहिती मला तुम्हाला देता येणार नाही. त्या कोण, हे मी विचारत नाही.”

शेवंती आधी तोंडाला हात लावून, मग टेबलाला धरून, आणि शेवटी खाली बसून हसली.

“मॅडम, ती बाबाच ओ,” ती म्हणाली.

मग काकांनी समजावून सांगितलं. त्यांच्या गुरूंनी घालून दिलेली रीत होती. शाळेपासून देवळापर्यंतचा रस्ता लांब. इतर नट विडी ओढत, गप्पा मारत, लुगड्याचे काष्टे वर खोचून तो तुडवतात. काकांना ते वर्ज्य होतं. लुगडं नेसून झालं की त्या क्षणापासून बाईचीच चाल, कोणी बघो न बघो; आणि खेळ संपल्यावरही घरी जाऊन रंग धुवेपर्यंत तीच. वाटेत कोणी महादेव म्हणून हाक मारली तर ओ द्यायची नाही.

“एकदा नेसलंय की म्हादेव नाय,” काका म्हणाले. “म्हादेव सकाळी, रंग धुतल्यार.”

इतकी वर्षं मी ऐकत आले की यंत्राला फसवणं अशक्य आहे. आणि इथे एक माणूस दरवर्षी, फसवायचं मनातही नसताना, अख्खी रात्र दुसरंच कोणी होऊन गावच्या जमिनीवर चालत होता. मी त्यांना हात जोडले.

पण माझा विश्वास बसला म्हणून माहिती देता येत नाही. क्रमांकाच्या माणसावर हक्क सांगायचा तर एकच रीत आहे. त्याने स्वतः यायचं आणि पावलांच्या खोलीतून एकदा चालून जायचं. फरशीखालच्या तारेने जुळलं म्हटलं की झालं. आणि एक अडचण होती. जे अनोळखी पाऊल वर्षभर गावात परत उमटत नाही ते मार्चअखेरीला पुसून टाकतात, म्हणजे पाहुण्यांची माहिती उगीच साठून राहत नाही. या हंगामात काका नाचले नव्हते. जत्रेवाली कुठेच दिसली नव्हती. महिनाअखेरीला ती जाणार होती.

काका त्याच दिवशी चालले. काठी भिंतीला टेकवली, पदर नसलेल्या खांद्यावर हात नेला आणि निघाले. उजवं पाऊल निळसर उमटलं. डावं आलं ते पिवळ्या ओरखड्यासारखं, फरफटत. बोळाच्या टोकाच्या फलकावर अक्षरं आली: ‘नोंद नाही.’

“म्हंजे ती नाय,” काका म्हणाले.

मला सांगावं लागलं. ती नाही, एवढाच त्याचा अर्थ नव्हता. यंत्राने त्यांना महादेव घाडी म्हणूनही ओळखलं नव्हतं. झटक्यानंतरची चाल त्याच्या लेखी तिसऱ्याच कोणाची होती. काका काठी शोधू लागले. मला फार वाईट वाटलं आणि मी तसं म्हटलंही, पण त्याचा काय उपयोग.

जाताना शेवंती मागे राहिली. माझ्याकडे एक चावी असते; ती लावून मी कोणाचीही पावलं उघडू शकते, हे कार्यालयात सगळ्यांना माहीत आहे. ती नुसती बघत होती. मी तिला त्या अत्तरवाल्या गृहस्थांची गोष्ट सांगितली. आज खरं बोलणाऱ्यासाठी चावी फिरवली तर उद्या छान खोटं बोलणाऱ्यालाही नाही म्हणायला मला तोंड राहणार नाही, असं म्हटलं. ती रागावेल असं वाटलं होतं.

“बरोबर असा,” ती म्हणाली. “कोणाच्या बालदीत काय असता तां मीय कोणाक सांगणंय नाय.”

मी जिल्ह्याला लिहिलं, अगदी सविस्तर, गुरूंच्या रीतीसकट. उत्तर आलं की संबंधित महिलेने ओळखीच्या पुराव्यासह स्वतः उपस्थित राहावे.

मार्चच्या शेवटच्या दिवशी आमचं कार्यालय म्हणजे बाजार असतो. सगळ्या गावाला त्याच दिवशी पाणीपट्टी आठवते. त्या गर्दीतून बापलेक आले. शेवंती फेरी संपवून तशीच आली होती, खाकी कपड्यात, आणि तिच्या हातात पिशवी होती. पिशवीत हिरवं लुगडं. नेसल्यावर पायाला आठवेल, असं तिला वाटत होतं. मी पडदा ओढून घेतला. बाहेरचा गलबला एकदम दूर गेला.

काका बाकावर बसून नेसले. एक हात चालत होता, दुसऱ्याचं काम शेवंती करत होती. निऱ्या झाल्या, पदर आला आणि मी बघत असताना त्यांचा चेहरा बदलला. हनुवटी जरा खाली आली, डोळे मोठे झाले. रंग नव्हता, दाढीचे पांढरे खुंट होते, तरी माझ्यासमोर एक राणी बसली होती. ती उठली. पहिलं पाऊल इतकं हलकं पडलं की फरशी नुसती निळी झाली. मग डावा पाय आला, ओरखडा उमटला, आणि राणी गेली.

‘नोंद नाही.’

ते पुन्हा चालले. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तोल गेला आणि शेवंतीने धरलं म्हणून पडले नाहीत. बाकावर बसून त्यांनी लुगडं सोडलं, घडी न घालता मांडीवर घेतलं आणि पदराच्या टोकाने डोळे पुसले. मीही रडले. तिथे काळोख असतो ते बरं असतं.

थोड्या वेळाने ते म्हणाले की पुसायचं तर पुसा, पण काय पुसताय ते तरी तुम्हाला कळू दे. आणि ते मला चाल समजावून सांगू लागले.

“पाय उचलूचो नाय. जमनीक सांगान फुडे न्हेवचो.”

मला कळलं नाही. त्यांनी हाताने करून दाखवलं, तरी कळलं नाही. मग कंटाळून ते लेकीला म्हणाले, “शेवंती, तू जरा दाखय गो तेंका.”

ती दचकली. मंडळात बाईने काम करायचं नाही, लुगड्याला हातसुद्धा नेसवण्यापुरताच लावायचा, हे तिला लहानपणापासून त्यांनीच सांगितलेलं. ती तसं म्हणालीही. हय कोण बघता, असं म्हणून काकांनी लुगडं तिच्याकडे टाकलं. तिने ते खाकी कपड्यांवरच कसंबसं गुंडाळलं, पदर घेतला, बोळाच्या टोकाला गेली आणि तिथून चालत आली.

फरशी एकदाही पिवळी झाली नाही. निळं पाऊल, मग निळं पाऊल, मधे जराशी थांबल्यासारखी जागा, जणू पुढची जमीन होकार देतेय का ते बघतेय. सांगून पुढे नेणं म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं. ती बाकापाशी पोचली आणि पदर सावरून वळली. यंत्र बंद करायचं माझ्या लक्षातच नव्हतं.

फलकावर अक्षरं आली: ‘ओळख पटली.’

बाहेर पाणीपट्टीच्या खिडकीवर कोणीतरी सुट्ट्या पैशांवरून भांडत होतं.

ते कसं झालं हे शेवंतीने सांगितलं, अपराध झाल्यासारख्या आवाजात. कळत्या वयापासून जत्रेच्या रात्री आरशाची पेटी घेऊन ती बाबांच्या मागून शाळेपासून देवळापर्यंत जायची. पेटी डोक्यावर, वर बघता यायचं नाही, म्हणून नजर बाबांच्या टाचांवर. त्यांचं पाऊल उचललं की तिथेच तिचं. आमची तार पुरली गेली त्याआधीच ती मोठी झाली होती आणि पेटी हातगाडीवर गेली होती. पण घरात कोणी नसताना ती चाल पायांत यायची, एवढंच.

“ती मागसून येय,” काका मला म्हणाले. “मी कदी मागे बगलंयच नाय, बायो. ज्या शोधी होतंय तां माज्याच मागे होता.”

आता प्रश्न माझा होता. त्या रात्री शाळेतून निघाली ती शेवंती नव्हती, हे मला माहीत होतं. यंत्र म्हणत होतं ती हीच. नियमात बसत होतं, आणि नियमात बसवलेलं खोटं कसं दिसतं हे मी अत्तरवाल्याकडून शिकले होते. म्हणून मी स्वतःला तोच प्रश्न विचारला जो तेव्हा विचारला होता: हे दिल्याने लपून राहण्याचा कोणाचा हक्क बुडतो? ज्याचा होता तो समोर बाकावर बसला होता आणि लेकीच्या अंगावरच्या निऱ्या नीट करत होता. मी सही केली.

मग रीतसर विचारलं की माहिती बघायची, न्यायची की पुसायची. शेवंती म्हणाली, आधी बघू. मी शेवटच्या जत्रेची रात्र पुन्हा लावली, या वेळी कुठलीही जागा काळी न ठेवता. शाळेच्या पायरीवरून जत्रेवाली उतरली. निळी पावलं एकामागून एक फरशीवर उमलत निघाली.

“जा,” काका म्हणाले. “तिच्या मागसून.”

शेवंती गेली. उजेडाचं पाऊल विझायच्या आत तिचं पाऊल तिथे पडत होतं. काळोखात ती दिसत नव्हती, फक्त पावलं विझत आणि पेटत देवळाकडे चालली होती. काका हाताने ताल धरून होते. संपलं तेव्हा दिवा लावायला माझा हात उठेना.

माहिती न्यायला तिने नकार दिला. घरी नेऊन ठेवायची कुठे, म्हणाली. पुसायचीही नव्हती. “हयच र्‍हवांदेत तिका. तिचा घर असा ह्या.”

काकांनी मग मंडळाच्या मालकांशी भांडण काढलं, ते गावाने उन्हाळाभर ऐकलं. पुरुषाने केलेली बाई चालते, तर बाईने केलेली का चालू नये, हा त्यांचा सवाल. मालकांनी रीतीचं नाव काढलं की काका गुरूंची रीत काढत. नेसल्यावर जर महादेव महादेव राहत नाही, तर ही तरी शेवंती कुठे राहते? त्या टिंगल करणाऱ्या नटाला प्रेक्षकही कंटाळले होते; शेवटी मालकांनी शेवंतीला घेतलं.

कार्तिकातल्या जत्रेला मी गेले. देवळात बसले नाही. शाळेच्या रस्त्याला एका कुंपणाशी उभी राहिले, काका शेजारी खुर्चीवर. रस्ता काळोखा होता. मग शाळेपाशी एक दिवा पेटला, मग अलीकडचा, मग त्याच्या अलीकडचा, न घाई करता. दिव्यांखालून हिरवं लुगडं आलं, आमच्यासमोरून गेलं. काकांनी हाक मारली नाही आणि तिने आमच्याकडे बघितलं नाही. मागे काळोख होत गेला.

सकाळी कार्यालयात पोचते तोच प्रथमेश आला. जत्रेवाली परत आली आहे, आणि यंत्र विचारतंय की शेवंती घाडी आणि ती एकच आहेत, तर दोन्ही नोंदी एकत्र करायच्या का. मी लिहून दिलं की नाही, या दोन निरनिराळ्या नागरिक आहेत, ज्यांना जे हवं ते त्यांनी आपापलं मागावं.

“मॅडम, पण ती पहाटे घाडींच्या घरात शिरली आहे,” तो म्हणाला. “अजून बाहेर पडलेली नाही.”

मी म्हटलं, तो त्यांच्या घरचा प्रश्न आहे. तेवढ्यात खाली घंटा वाजली. मी कार्यालयाच्या दोन्ही बालद्या घेऊन उतरले. शेवंती खाकी कपड्यात गाडीपाशी उभी होती, डोळे जागरणाने लाल, कानामागे थोडा रंग राहिलेला. मी माझ्या कानामागे बोट लावून दाखवलं. तिने बाहीने रंग पुसला, ओली बालदी उघडून आत नीट बघितलं आणि गाडीत रिकामी केली.